एकच रेघ

धुळ्याचा जानेवारी, पहाटेचे सव्वातीन.
मी बायका तपासत नव्हते,
कागद भरत होते:
बेड नऊ, एकशे वीस, ऐंशी.
बेड दहा, एकशे वीस, ऐंशी.
बेड अकरा, तेच.
एकोणीस तास उभी होते,
आणि पट्टा बांधायचा तर
प्रत्येकीची गोधडी उचलायची, बाळ हलवायचं.

भदाणे मॅडम राउंडला नव्हत्या आल्या,
पाणी प्यायला आल्या होत्या.
त्यांचं बोट कागदावरून खाली उतरलं,
तीनदा अडलं.
मला वाटलं, आता.
वॉर्डभर आवाज, फाइल भिंतीवर.
मागच्या युनिटात तसंच शिकले होते मी,
म्हणजे लपवायला शिकले होते.

त्या म्हणाल्या, "चल, परत मोजू."
मोज नाही.
मोजू.

स्टेथोस्कोपची चकती त्यांनी आधी
स्वतःच्या मुठीत ऊब येईपर्यंत धरली.
बेड अकरा, हिरकण ठेलारी, साक्रीकडची,
नवरा मेंढरांमागे कुठल्या रानात, तिलाही ठाऊक नाही.
"डोकं दुखस," ती म्हणाली, "सांजपाईन.
कोनी इचारंच नही."

पहिला ठोका एकशे सत्तरला.
ठोके विरले एकशे दहाला.
मॅडमनी नळ्या माझ्या कानांत दिल्या,
"तू ऐक. माझं चुकलं असेल."
चुकलं नव्हतं.
बिऱ्हाडे सिस्टर मागायच्या आत
मॅग्नेशियम भरून उभ्या.

पाचला तोच कागद पुढ्यात.
मी आकडा गिरवून गिरवून
निळा डाग करायला निघाले,
तर मॅडमनी मनगट धरलं.
"एकच रेघ मार. खालचं वाचता आलं पाहिजे.
शेजारी खरा आकडा. वेळ. सही."
मग, खिडकीकडे बघत,
"माझीही आहे अशी एक रेघ,
खाली रेकॉर्ड रूममध्ये. बेड चार."
"आणि ती बाई?"
त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"जेवनी का वं पोरी?" सिस्टरनी डबा सरकवला,
कळण्याची भाकरी, गार, वर ठेचा.
"जाय, पाठ टेक. अकराले मी देखस."
ठेच्यानेच डोळ्यांत पाणी आलं,
असं मी आजही सांगते.

दुपारी सरांना सांगायचं होतं. मीच.
मॅडमनी ते काही माझ्यावरून काढून घेतलं नाही.
सर ओरडले, बरंच.
मॅडम शेजारी उभ्या होत्या.
माझी बाजू घेतली नाही त्यांनी,
जागा सोडली नाही.

हिरकण नवव्या दिवशी गेली,
बाळाला लोकरीच्या घोंगडीत गुंडाळून.
माझं नावही तिला माहीत नव्हतं.

आता माझ्या हाताखाली चार जण आहेत.
चकती मी अजून मुठीत धरते,
तो हात आपोआप मिटतो.
पण रात्री तीनला, सलग तीन सारखे आकडे दिसले
की जिभेवर आधी 'मोज' येतं.
गिळते.
दर वेळी गिळता येतंच, असं नाही.