गढूळपणाचं माप

माझं काम पाणी बघण्याचं.
सोहारच्या किनाऱ्यावर, दर दोन तासांनी
समुद्र काचेच्या नळकांड्यात भरायचा,
उजेडात धरायचा,
वहीत लिहायचं : वास, रंग, गढूळपणा.
कधी कधी शेवाळ येतं,
समुद्र मुगाच्या सालीचा होतो.
मग आम्ही पाइपांची तोंडं मिटतो
आणि गावाला साठवणीतलं पाजतो.

हेमांगीची पाणमोट फुटली मंगळवारी पहाटे.
नऊ भरून वर अकरा दिवस.
फरशीवर पाणी.
मी वाकलो, सवयीनं.
हिरवं होतं. दाट. आळूच्या फदफद्यासारखं.
तिनं विचारलं, कसं आहे?
मी म्हणालो, पाणी आहे.

सिस्टर जुवैना आयुष्यात कधी धावली नसावी
अशी ठाय चालत आली,
चादर बघितली, आणि धावली.
मला कुणीतरी हिंदीत समजावलं :
बच्चेने अंदर ही पॉटी किया.
मला हसूच आलं.
शी! घरोघर लाडानं बोलायचा शब्द.
मग पुढचं वाक्य आलं :
और वही साँस में गया.

तिला तोंड मिटता आलं नाही.
एवढंच. आमच्याकडे त्यासाठी झडप असते.

काचेच्या पेटीत तीन किलो शंभर ग्रॅम,
नखं हिरवट, नाळ हिरवी,
बरगड्या आत जातात, बाहेर येतात,
कुणी मुठीत कागद चुरगाळतंय आणि सोडतंय.
डॉक्टर मुअतसिम ओमदुरमानचे, आवाज अगदी खाली :
रक्तात जंतू सापडला नाही.
मग हा दाह कशाचा?
ते थांबले. म्हणाले, असं समजा,
चोर आलाच नाही, कुत्रं भुंकलं,
आणि सगळं घर काठ्या घेऊन उठलं.
अंधारात मार घरच्यांनाच बसतोय.

सीआरपी अठ्ठेचाळीस.
दुसऱ्या दिवशी एकावन्न.
आकडा चढला की कुणाला फोन करायचा
हे प्लांटवर भिंतीवर लिहिलेलं असतं.
मी देवरुखला केला.
सासूबाईंचा व्हिसा अजून अडकलेला.
त्या म्हणाल्या, कुणावर गेलीय?
नाक तुमचं, मी म्हणालो.
नाकावर तर पट्टी होती.

हेमांगी दर तीन तासांनी दूध काढते,
टाके सांभाळत, भिंतीकडे तोंड करून.
बाटलीवर चिकटपट्टी : हेमांगीचं बाळ.
मी ती बाटली उजेडात धरली.
ती म्हणाली, ठेव खाली, हे तुझं पाणी नाही.
आरपार काही दिसत नव्हतं
आणि त्याला कुणी गढूळ म्हणत नाही.

एकोणतीस.
मग कुणी सांगितलंच नाही, सुट्टीचा वार होता.
मग अकरा.
नळी काढल्यावर ती रडली,
बेसूर, घसा बसलेल्या भाजीवालीसारखी.
जुवैना पुन्हा ठाय चालायला लागली.

नवव्या दिवशी लंगोट उघडला
तर मोहरी फेटल्यासारखं पिवळं.
हेमांगीनं मला ओढून दाखवलं,
आम्ही दोघं त्यावर वाकून उभे,
शेजारच्या बाळाचा बलुची बापही डोकावला,
म्हणाला, माशाल्लाह.

रात्रपाळीला गेलो.
पाणी निवळ होतं, तळाचं अक्षर वाचता येईल असं.
सकाळी साहेबांनी वही पुढे सरकवली :
रंगाच्या रकान्यात हे काय लिहिलंय?
मी बघितलं.
पिवळा, खाली दोन रेघा.
खोडायचं म्हणून पेन उघडलं.
साहेब वाट बघत होते.