बेचिराग

जत तालुक्याच्या जुन्या दप्तरात
खैरपाट या नावापुढे एकच शब्द आहे: बेचिराग.
कारकुनाचा टाक तिथं थबकला असावा,
'ग'च्या पायाशी शाईचा थेंब.

तेवढ्यावर मी गोष्ट लिहिली होती, बावीस वर्षांपूर्वी,
एका दिवाळी अंकासाठी, दीडशे रुपयांत.
एका रात्रीत बेचाळीस माणसं नाहीशी.
तव्यावर भाकरी, एका अंगानं भाजलेली,
आणि पाळणा अजून हलतोय.
(पाळणा संपादकांनी घातला.)

परवा संखच्या रस्त्याला पंक्चर काढताना
म्हाळाप्पा सांगत होता,
ट्यूब घमेल्यात बुडवून, बुडबुड्यांकडं बघत:
"हाकामारी आलती. घराघराला हाक न्हाई मारली.
गावाच्या नावानं मारली, एकदाच.
खैरपाट, म्हणाली
आन् अख्खं गाव म्हणालं, ओ.
बेचाळीस माणसं. भाकरी तव्यावर, एका अंगानं भाजल्याली."
कुणी सांगितलं?
"आज्जानं."
त्याचा आजा जाऊन तीस वर्षं झालीत.
मी बोटांवर हिशोब केला,
मग पैसे दिले आणि निघालो.

खैरपाटला आता काय आहे,
एक जोतं, दोन चिंचा, उखळाचा फुटका दगड,
माडग्याळी मेंढरं पाठ घासून घासून
एक भिंत गुळगुळीत करून गेलेली.
शेजारच्या तिळगुंडीत मात्र
दारादारावर खडूनं लिहिलंय: उद्या ये.
हाकामारी वाचते म्हणे. वाचून परत जाते.
रोज येते, रोज उद्या वाचते.

मल्लव्वा भेटली ती हद्दीपलीकडं, इंडीच्या अलीकडं.
रेशनकार्डावर कानडीत आडनाव: खैरपाटी.
ती बोलत होती, नातू मराठी करत होता,
मधेच त्याला शब्द सापडेना की ती हातानं दाखवायची.

रात्री नाही. भर दुपारी निघालो, म्हणजे आमची माणसं.
एका दिवसात नाही, पाच दिवस लागले.
भांडणं किती! जातं न्यायचं की नाही यावरून
दोन भाऊ तिथंच वेगळे झाले.
एक शेळी हरवली. तिचं नाव होतं, माझ्या सासूला आठवायचं.
बेचाळीस? छे, जास्त होतो.
त्याआधी विहीर आटली होती.
बायका घागरी घेऊन तिळगुंडीला जायच्या,
वेशीबाहेर उभ्या राहून हाका मारायच्या,
एकेकीचं नाव घेऊन. माहेरच्या होत्या काही.
आतून कुणी ओ दिली नाही.
चौथ्या दिवशी एकीनं दार किलकिलं केलं, म्हणाली,
उद्या या.

नातू थांबला. त्याला वाटलं भाषांतर चुकलं.

मी सांगितलं, आमच्याकडं म्हणतात तुम्ही नाहीसे झालात.
म्हातारी इतकी हसली की तोंडातली तंबाखू सांडली.
पदरानं हनुवटी पुसत तिनं मला
आपलं घर दाखवलं, म्हैस, हँडपंप,
आणि शिंक्यात जुनी पितळी घागर,
गळ्याशी दोरीचा घट्टा पडलेली.

परतताना तिळगुंडीत पाणी मागितलं.
लगेच मिळालं, तांब्याभर, गार.
दारात एक पोरगी टाचा उंचावून
पुसट झालेली अक्षरं गिरवत होती,
खडूला थुंकी लावून.
'ये'ची मात्रा तिच्या हाताला पोचत नव्हती.
मला म्हणाली, काका, तेवढी काढून द्या.