पाणी जोखताना

टेप विहिरीत सोडायची.
पाण्याला टेकली की ती चिरकते, तेव्हा आकडा वाचायचा.
चार मीटर बारा.
कठड्यावरच्या लाल रेघेपासून, हे विसरायचं नाही.
वहीत लिहायचं, उंटांना बाजूला सारायचं,
पुढची विहीर सत्तावीस किलोमीटरवर.

ऑगस्टभर हेच.
त्रेचाळीस विहिरी, अकरा झरे
आणि नकाशाच्या मधोमध एक लांबट चौकोन.
तिथे अजून नुसता रानकांदा फुललाय,
गोबीचा वारा त्याचा वास जीपमध्ये आणून सोडतो.
त्याखाली साठ मीटरवर कोळसा.

शार बुलगला पोचले ती भर दुपारी.
झरा म्हणावं असं काही नव्हतं.
ओली वाळू, हातभर बुरसट हिरवं,
मिठाची पांढरी किनार, एक गांधीलमाशी.
बादली लावायलाही धार नाही.
फॉर्मवर रकाना होताच :
हंगामी झिरपा. प्रवाह नगण्य.
मी खूण केली.

दुलमजाव बाई गुडघे धरून बसली होती,
मघापासून.
झालं मोजून?
झालं.
किती आहे?
मी सांगितलं.
आमच्या भाषेतही तो शब्द
तोंडावर बोलायचा नसतो.

तिने गेरमधून किटली आणली, बूड जळून काळं झालेलं.
ही रात्री लावते, पहाटे उचलते,
अडतीस वर्षं.
मग कप पुढे केला. खारट चहा, वर साय.
मी तिचं पाणी जोखायला आले होते,
तिने माझं जोखून झालं होतं.

दुपारी काय बघतेस, म्हणाली,
दुपारी उंटसुद्धा येत नाहीत.
सगळं ऊन पिऊन टाकतं.
जानेवारीत ये.
तेव्हा ते पळत नाही. बसतं.

उलानबातरच्या ऑफिसात
गान्झोरिगच्या पडद्यावर खाणीभोवती वर्तुळं उमटत होती :
पाण्याची पातळी पाच मीटर खाली, दोन, एक.
एकच्या आत शार बुलग.
पण हंगामी झिरपे यादीत धरत नाहीत, तो म्हणाला.
वाईट माणूस नाही. त्याला दोन मुली आहेत,
आणि अहवालाची तारीख मार्चची आहे.

जानेवारीत गेले. रजा माझी, पेट्रोल माझं.
उणे एकतीस.
दुरून वाटलं, कुणी निळसर ताडपत्री अंथरलीय.
बर्फ.
पासष्ट मीटर लांब, वीस रुंद,
मधे माझ्या कमरेएवढा,
रात्रीवर रात्र, थरावर थर,
जसा वर येईल तसा जागच्या जागी थिजलेला.
दुलमजावचा मुलगा न्यामदेलगेर कुऱ्हाडीने ढलपे काढून
पोत्यात भरत होता. वासरांचं पाणी, म्हणाला.

दोन दिवस भोकं पाडली. गिरमिटाचं पातं दोनदा तुटलं.
हातमोज्यातली पेन्सिल बोटाला चिकटली.
हिशेब सोपा होता :
इतका बर्फ, इतके दिवस,
दिवसाला साडेसहा हजार लिटर.
पुन्हा केला. तेवढंच.

भोकाला कान लावला तेव्हा
खाली, फार खाली, काही तरी हलत होतं.
हे मी वहीत लिहिलं नाही.

निघताना दुलमजावने एक पोतं जीपमध्ये टाकलं.
नमुना, म्हणाली. हा शब्द ती माझ्याकडूनच शिकली असावी.

सहाशे किलोमीटर एक थेंब गळला नाही.
ऑफिसातल्या हीटरपाशी मात्र
गान्झोरिग माझा कागद वाचत असताना
पोतं सैल होत गेलं,
पाणी फरशीवरून निघालं,
टेबलाखालून, वायरींना वळसा घालत,
त्याच्या बुटापर्यंत.

त्याने पाय वर घेतला.
हे काय?

नगण्य, मी म्हटलं.