घ्यायची का

रविवारी सकाळी, टिळक रोडवरच्या एका हॉलमध्ये,
उपमा झालेला, जेवणाला अजून वेळ,
सिस्टर रूथ साळवींनी आम्हा चाळीस डॉक्टरांना
कागदाचा एकेक कपटा दिला:
फ्लूच्या लसीबद्दल पेशंटला काय म्हणता, लिहा.
तोंडातून जसं येतं तसं.

मी लिहिलं, "फ्लूची पण लस असते हं. घ्यायची का?
बघा, विचार करून सांगा."

त्यांनी कपटे वाचले, नावं न घेता.
सक्ती काही नाही. जरा महाग पडते.
एकावर नुसतंच: विषय निघत नाही.
हॉल हसला, मीही.
"बीपीची गोळी देताना विचारता का," त्या म्हणाल्या,
"घ्यायची का म्हणून?"

बावीस वर्षं धनकवडीत बसते मी.
खुटवड मामा पहिल्या वर्षापासूनचे,
पीएमटीचे कंडक्टर, आता रिटायर,
साखर कायम दोनशेच्या वर.
जूनमध्ये विचारलं होतं त्यांना, घ्यायची का.
"तुम्ही काय म्हणता?"
"तुमच्यावर आहे, मामा."
बीपीसाठी बाही वर केलेलीच होती.
मी पट्टा सोडला. त्यांनी बाही खाली ओढली,
बटण लावलं.

ऑगस्टात अकरा दिवस आयसीयू.
आता जिना थांबून थांबून चढतात.
घेतली असती तर टळलंच असतं, असं नाही;
सिस्टरही तसं म्हणाल्या नाहीत.
पण दंड समोर होता, उघडा.

मग जोड्या लावून सराव.
माझे पेशंट झाले हाडांचे डॉक्टर परचुरे, मन लावून:
"मागच्या वर्षी घेतली की! परत कशाला?
आणि इतकी वर्षं काय झालं आम्हाला?"
"विषाणू बदलतो, म्हणून दरवर्षी," मी म्हटलं.
तिथवर जमलं. मग जीभ आपोआप वळली:
"तरी पण तुम्हाला वाटलं तर..."
"पूर्णविराम कुठाय, मॅडम?" सिस्टर मागून.

स्वारगेट-कात्रजच्या गाडीत मामांनी
कधी कुणाला विचारलं नव्हतं, सरकता का.
पुढे चला, म्हणायचे.
माणसं कुरकुरायची, सरकायची.

सोमवारी मामी आल्या, गुडघा घेऊन.
"आज फ्लूची लस देते तुम्हाला. बाही वर करा."
आवाज उगाच मोठा लागला माझा,
बाहेरच्या बाकावरचे दोघं आत डोकावले.
मामींनी पदर सारला, दंड पुढे केला,
आणि सुईकडे न बघता विचारलं,
"तुम्ही घेतली का, डॉक्टर?"