हात वर

त्या आल्प्सच्या गावात मतपेटी नाही.
चौकात उभं राहून हात वर करायचा,
शेजाऱ्यांदेखत.
इथं हात वर केले म्हणजे
जबाबदारी झटकली नव्हे, घेतली.

प्रश्न एका ओळीचा:
खालच्या आळीला पुराची भिंत,
सगळ्यांच्या करातून?

फ्रीडोलिनचं घर उंचावर.
पाणी तिथवर पोचेल तेव्हा
चर्चच्या शिखरावरचा कोंबडाही बुडालेला असेल.
आणि गोठ्याचं छप्पर यंदाच घालायचंय.

खिशात मूठ. मुठीत पत्र्यांचा हिशेब.

पुढे व्हेरेना, खालच्या आळीची.
मागं वळून बघत नाही.
तिच्या कोटाला धुऊनही गाळाचा वास.

"बाजूनं?"

फ्रीडोलिन टोपी काढायला जातो.
हात डोक्यापर्यंत पोचलाय,
अजून तिथंच आहे.

मोजणाऱ्यानं धरला की नाही,
विचारायचं धाडस
त्याला आजवर झालेलं नाही.