बल्ब पेटू नये म्हणून

रोहण्याच्या बंद पडलेल्या जिनात
टीनाच्या शेडमध्ये उभी आहे मॉरिस,
मुंधडाशेठच्या आजोबांची.
पलीकडं सरकीचं गोदाम, मधे कुडाची भिंत.
ते पाहिलं
अन् मी आधी बॅटरीचं टर्मिनल सोडलं,
मग चहा घेतला.

बॉनेटखाली सगळ्या वायरी एका रंगाच्या झालेल्या,
मातीच्या.
वरची सुताची वेणी विरलेली,
आतलं रबर उन्हात विसरलेल्या पापडासारखं,
बोट लागलं की तुकडा पडतो.
सेहेचाळीस डिग्रीत टीन टणटण बोलतं,
त्यात सत्तर उन्हाळे काढलेत या तांब्यानं
जवळजवळ उघड्या अंगानं.

गफूरचाचा खाटेवर बसून सांगतात.
एकतीस वर्षं ही गाडी हाकली त्यांनी,
आता दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू.
मी वायर त्यांच्या चिमटीत देते.
रंग दिसत नाही त्यांना,
जागा दिसते.
"हे तपकिरी. थेट बॅटरीची, मधात फ्यूज नाई.
हिला भिऊन राहाय.
हे लाल, मांगच्या दिव्याची.
अन् ध्यानात ठेव बाई, हिची अर्थिंग उलटी हाये,
बॉडीले प्लस जोडेल हाये.
पुलगावच्या एका पोरानं नव्या गाडीवाणी जोडली होती,
तीन दिवस डायनामो रुसला."

डॅशबोर्डाच्या खणात उंदरीण व्यालेली.
जिनातलाच कापूस, दातांनी पिंजलेला,
त्यात चार गुलाबी पिल्लं
आणि त्यांच्या गादीखालून जाणारी
सोललेली तपकिरी.
पिल्लं मी ढेपेच्या पोत्यामागं ठेवली.
शेठना सांगू नका. ती परत येणारच आहेत,
म्हणून नव्या वायरीवर जाड नळी चढवली.

इंजिनाकडून आत येताना पत्र्याला भोक आहे,
भोकाला धार.
पत्रा काही रागानं कापत नाही,
गाडी हलते, एवढंच.
तिथं रबराची कडी बसवली.

फ्यूजच्या जागी मात्र
सिगरेटच्या पाकिटातली चांदी, गुंडाळून कोंबलेली.
हे कोणाचं काम, मी जरा मोठ्यानंच विचारलं.
चाचा गप्प.
मग म्हणाले,
"तळेगावच्या घाटात. रातचे अकरा.
शेठाणीबाईच्या पोटात कळा, अन् दिवे गेले.
फ्यूज कुठून आणू तिथं?
पाकीट होतं खिशात."

दारात उभे असलेले, बावन्न वर्षांचे शेठ
एलईडी दिवे आणि दोन हॉर्नचं बोलत होते,
ते थांबले.

चांदी मी फेकली नाही.
कागदात बांधून चाचांच्या खिशात टाकली
आणि तिच्या जागी फ्यूज बसवला,
वेळ आली तर स्वतः वितळेल असा.
शेठना म्हटलं, डायनामोचं पोट लहान आहे,
हॉर्न एकच राहू द्या.
सीटखाली पितळी खटका लावलाय,
गाडी उभी केली की तो फिरवायचा,
घाई असली तरी.

संध्याकाळी बॅटरीच्या तारेत मधे एक बल्ब जोडला.
सगळी बटणं बंद.
बल्ब पेटला
तर करंट कुठंतरी चोरवाट काढतोय.
पेटला.
मंद, तांबूस, विडीच्या टोकाएवढा.

तास गेला शोधण्यात.
मागच्या सीटच्या स्प्रिंगखाली
दबून चपटी झालेली लाल.
ती काढली, नवी टाकली, लांबून फिरवून.

"विझला?" चाचांनी विचारलं.
विझला.
"पुना पाह्य."
पुन्हा पाहिलं.

बाहेर दिवस बुडाला होता.
टीन थंड होताना एकेक आवाज करत होतं,
सरकीचा तेलकट वास,
पोत्यामागं बारीक चिवचिव.
न पेटलेल्या बल्बाकडं
आम्ही दोघं बराच वेळ पाहत बसलो,
दिसत होतं ते एकालाच.