बर्फाची जाडी, सेंटिमीटरमध्ये

नगरपालिकेनं तक्ता मागवलाय:
दोन रकाने, बारा ओळी,
कुठली पद्धत बरी ते शुक्रवारपर्यंत कळवा.
ओउलूत दुपारी अडीचलाच दिवे लागलेत
आणि मी पहिल्याच ओळीत अडकलेय: 'खर्च'.

डावा रकाना इंकेरीचा.
बेटाकडे जाणाऱ्या बर्फाच्या रस्त्याचं सॉफ्टवेअर
तिनं आधी कागदावर बांधलं. दोनशे बारा पानं,
प्रत्येक पानाखाली सही, सहीखाली तारीख.
पोरं म्हणायची, नमनालाच घडाभर तेल.
ती म्हणायची, तेल मोजून घेतलंय.
चौदा महिने कुणाला काही दिसलं नाही.
मग एका सोमवारी सगळं एकदम दिसलं,
नेटकं, खिळान् खिळा जागेवर.
तोवर बोटीचं वेळापत्रक बदललेलं,
खात्याचं नाव बदललेलं,
आणि सह्या करणारा तापानी
निवृत्त होऊन मधमाश्या पाळत होता.

उजवा रकाना ओस्सीचा.
त्याच्याकडे भिंत आहे, भिंतीवर पिवळ्या चिठ्ठ्या.
रोज सव्वानऊला उभ्याउभ्या पंधरा मिनिटं:
काल काय केलं, आज काय करणार, कुठं अडलं.
लुमी म्हणते, कुठं अडलं ते खरं सांगितलं
तर पंधरा मिनिटं पुरायची नाहीत.
दोन आठवड्यांत बटण आलं,
चार आठवड्यांत बटणाला रंग,
सहाव्यात बेटावरच्या बायकांनी ते दाबून पाहिलं
आणि म्हणाल्या, हे नको.
ओस्सी हसला. चिठ्ठी काढली, चुरगळली, टाकली.
इतक्या स्वस्तात चुकता येतं
हे मला तेव्हा पहिल्यांदा कळलं.
हेही कळलं, की हीटर बंद राहिला तर डिंक सुटतो.
मार्चमध्ये कपाटामागे एक चिठ्ठी सापडली मला:
'रस्ता बंद झाला हे रुग्णवाहिकेला कोण सांगणार?'
अक्षर कुणी ओळखलं नाही.
इंकेरीच्या कागदांत ते होतं.
पान एकशे एकोणनव्वद, तळाशी, सहीसकट.

तर 'खर्च' या ओळीत काय लिहू?

काल मी उर्होबरोबर समुद्रावर चालत गेले.
त्याचं काम एवढंच: पहाटे भोक पाडायचं,
पट्टी आत सोडायची, आकडा सांगायचा.
मी विचारलं, तू आधी आखतोस, की जाता जाता ठरवतोस?
तो ऐकून न ऐकल्यासारखा ड्रिल फिरवत राहिला.
भुसा पांढरा, मग राखाडी, मग पाणी.
मग त्यानं खिशातून वही काढली, वडिलांची,
कोपरे मशीनच्या तेलानं काळे पडलेली.
प्रवाह खालून बर्फ कुठं कुठं खातो, ते तिच्यात.
"भोक कुठं पाडायचं ते हिला विचारतो.
हिचं खरं मानायचं का, ते भोकाला."
एवढं बोलून त्यानं नाक पुसलं.
वडिलांच्या आकड्याशेजारी आपला लिहिला,
जुना खोडला नाही.
एकोणतीस. अजून गाड्या नाहीत, चालत जा.
थर्मासचं झाकण एकच होतं,
कॉफी आम्ही पाळीपाळीनं प्यायलो.

हे तक्त्यात बसत नाही.
रकान्याची रुंदी अठरा अक्षरं.
मी डावीकडे लिहिलं: एकदाच, पण उशिरा.
उजवीकडे: रोज, थोडाथोडा, न दिसणारा.
'जोखीम' ही ओळ तशीच सोडली,
'गुणवत्ता' समोर तापानीच्या मधमाश्या आठवल्या
आणि मी उगाचच ओस्सीच्या भिंतीकडे बघत बसले.
तिथं आता इंकेरी उभी होती, कोट न काढता,
एक पडलेली चिठ्ठी
पुन्हा चिकटते का बघत.
चिकटेना. तिनं पर्समधून टाचणी काढली.

सोमवारी नगरपालिकेचं उत्तर आलं:
तक्ता अपुरा आहे.
'खर्च' या ओळीत कृपया शब्द नकोत, आकडा द्या.

मी लिहिलं, एकोणतीस.